परबवहिनींची बार्बेरा

परबवहिनी कुठलीही गोष्ट आधी नाकाने बघायच्या. तांदळाचं पोतं उघडलं की मूठभर तांदूळ तळहातावर घ्यायच्या, त्यावर तोंडाची वाफ सोडायच्या आणि डोळे मिटून हुंगायच्या. मग दुकानातून आलेल्या माणसाला शांतपणे सांगायच्या, "जुन्यात नवे मिसळलेले आसत. परत ने." माणूस आधी हसायचा, मग वैतागायचा आणि शेवटी पोतं खांद्यावर टाकून परत जायचा. दुसऱ्या दिवशी बरोबर जुने तांदूळ यायचे.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. गोळ्या-बिस्किटं पाकिटांत भरणारी यंत्रं तिथे बनायची. वहिनी कँटीनमध्ये स्वयंपाक करायच्या आणि मी ऑफिसात स्टेनो होते. ऐंशीचं दशक निम्म्यावर आलं होतं, माझं वय तेवीस होतं. पार्ल्याच्या आमच्या घरात माझं मत कुणी विचारत नसे, आणि त्यामुळे आपल्याला मत असायला हवं असं मलाही कधी वाटलं नव्हतं. साहेब बोलतील ते शॉर्टहँडमध्ये उतरवायचं आणि सुबक टाइप करायचं, एवढं मला चांगलं जमायचं.

आमची ओळख माझ्या डब्यामुळे झाली. एक दिवस मी कँटीनमध्ये डबा उघडला तर पलीकडून वहिनी म्हणाल्या, "आज आयशीन नाय, तू केलंस आमटी." मी चमकले. आई आजारी होती आणि आमटी खरंच मी केली होती. "हिंग करपलो तुझो," त्या म्हणाल्या, आणि वाटीभर कँटीनची डाळ माझ्यापुढे ठेवून निघून गेल्या. तेव्हापासून मी रोज त्यांच्याशेजारी जेवायला बसू लागले.

पन्नाशीला टेकलेल्या, बुटक्या, ठसठशीत कुंकू लावणाऱ्या, नऊवारी सोडून पाचवारीत आलेल्या पण चालणं नऊवारीचंच राहिलेल्या अशा त्या होत्या. माहेर कुडाळजवळचं. घाटकोपरच्या टेकडीवर एका चाळीत खोली. परबभावजी गिरणीत विणकर होते, गिरणी बंद पडली तशी ते घरी बसले. मुलगी नंदा लग्नाची होती. वहिनींच्या बोलण्यात एक वाक्य सारखं यायचं. एखादा पदार्थ कसा झालाय म्हणून कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "माका कित्याक इचारतंस? तुझ्या तोंडाक इचार." भाजीत मीठ कमी आहे का, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. समोरच्याने चाखून स्वतः सांगेपर्यंत कालथा हातात धरून उभ्या राहायच्या.

त्या वर्षी इटलीहून ब्रुनोसाहेब आले. नवीन यंत्रं बसवून द्यायची, आमच्या लोकांना शिकवायचं, अशा कामासाठी दोन वर्षं ते राहणार होते. उंच, काटकुळे, शांत गृहस्थ. हॉटेलचं जेवण त्यांना मानवेना. दोन महिन्यांत त्यांच्या पट्ट्याला दोन नवीन भोकं पाडावी लागली, तेव्हा मॅनेजरांनी वहिनींना बोलावून सांगितलं की संध्याकाळी आणि रविवारी दुपारी साहेबांच्या फ्लॅटवर जाऊन जेवण करा. फ्लॅट कारखान्यापासून चालत पंधरा मिनिटांवर होता. साहेबांचं इंग्रजी मोडकंतोडकं, वहिनींना इंग्रजी मुळीच नाही, म्हणून पहिल्या दिवशी मला बरोबर पाठवलं. पुढे दीड वर्ष माझे बहुतेक रविवार त्या फ्लॅटमध्ये गेले.

पहिल्याच दिवशी वहिनी स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. ओट्याखालच्या फळीवर काळपट हिरव्या बाटल्या आडव्या ठेवलेल्या होत्या, पंधरा-वीस तरी असतील. वहिनींनी पिशवी खाली ठेवली नाही. "शुभा, साहेबाक सांग. बाटली आसात थंय मी चूल पेटवूचंय नाय."

मी सांगितलं. साहेब गोंधळले. ती दारू नाही, वाइन आहे, ते म्हणाले. त्यांच्या भावाच्या मळ्यातली. मग त्यांनी मला विचारलं, तुमच्या घरी ताटात रोज असतंच असं काय असतं? मी म्हटलं, लोणचं. ते म्हणाले, "मग वहिनींना सांगा, आमच्याकडे ही लोणच्यासारखी आहे. ताटात नसली तर जेवण अर्धं वाटतं."

वहिनींनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "लोणच्यान कोणाचो बापूस मरूक नाय."

हे वाक्य इंग्रजीत आणायला मला वेळ लागला. त्यांचे वडील गावठी पिऊन पिऊन गेले होते, वहिनी तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या, हे मी विचारल्यावर त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं. मी जमेल तसं सांगितलं. ब्रुनोसाहेब ओट्याकडे गेले. खाली वाकले, एका वेळी चार-चार बाटल्या उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवल्या, शेवटची नेल्यावर बाहेर येऊन दार लावलं आणि मान किंचित झुकवली. तेव्हा वहिनींनी पिशवीतून खोबरं काढलं.

तीन-चार महिने असेच गेले. वहिनी स्वयंपाक करून ताट वाढायच्या, आवराआवर करून निघायच्या, आणि त्या जिना उतरल्यावर साहेब आपली बाटली उघडत असावेत. एका रविवारी मात्र गडबड झाली. मी बैठकीत बसून त्यांची पत्रं नीट लिहून काढत होते. वहिनी गेल्या असं समजून साहेबांनी बाटली उघडली आणि ग्लास भरला. वहिनी गेल्या नव्हत्या, मोरीत भांडी घासत होत्या. पाच मिनिटांनी हात पुसत त्या बाहेर आल्या. साहेब चोरी पकडल्यासारखे ग्लास टेबलाखाली नेऊ लागले.

"ऱ्हांव दे," वहिनी म्हणाल्या. "शुभा, त्यांका सांग, ती बाटली खराब झाली हा."

मी सांगितलं. साहेबांनी ग्लास नाकाशी नेला. म्हणाले, मलाही बरी लागत नाहीये, पण मला वाटलं मला सर्दी झालीय, किंवा इथल्या हवेने असेल. खराब म्हणजे कशी?

"ओल्या गोणपाटाचो वास येता. माका मोरयेत इलो."

'ओलं गोणपाट' मी इंग्रजीत कसंबसं सांगितलं आणि साहेब खुर्चीतून उठलेच. बुचाला कधीकधी बुरशीसारखा रोग असतो, त्याने बाटलीला नेमका हाच वास लागतो, ते म्हणाले. त्यांच्या गावातल्या जुन्या लोकांना तो लगेच कळतो. पण बारा पावलांवरून, साबणाच्या वासातून कळलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी आतून दुसरी बाटली आणली, उघडली, थोडी ग्लासात ओतली आणि ग्लास वहिनींपुढे धरला. प्यायला नव्हे, हे हातानेच सांगितलं. नुसता वास.

वहिनींनी ग्लासाला हात लावला नाही. पदर नाकापर्यंत आणला, मग खाली घेतला, आणि पुढे वाकल्या. डोळे मिटले.

"रातांबे," त्या म्हणाल्या.

कोकमाचं ओलं फळ म्हणजे रातांबा. ते साहेबांना समजावणं मला शक्य नव्हतं. मी स्वतःच ते आयुष्यात दोनदा पाहिलं होतं. पुढच्या रविवारी वहिनींनी येताना वाळलेली आमसुलं आणली, गरम पाण्यात भिजवली आणि ते लालभडक पाणी साहेबांना दिलं. ते पिऊन साहेब हसले. त्यांना हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्या वाइनचं नाव बार्बेरा. साहेबांच्या गावाभोवती टेकड्या होत्या आणि त्यावर हीच द्राक्षं. त्याच भागात दुसऱ्या एका द्राक्षाची मोठ्या मानाची वाइन होते, ते म्हणाले, ती तरुणपणी इतकी तुरट असते की जीभ आत ओढून घेते, वर्षानुवर्षं ठेवावी लागते आणि ती श्रीमंतांसाठी. बार्बेरा शेतकऱ्यांच्या रोजच्या जेवणातली. रंगाने गडद, तुरटपणा थोडाच, पण आंबटपणा भरपूर. चरबीचं, लोण्याचं जेवण असलं की तो आंबटपणा तोंड धुऊन काढतो आणि पुढच्या घासाला जागा करतो. वहिनी हे सगळं कांदा चिरता चिरता ऐकत होत्या. "सोलकढीचा काम करता म्हणजे," त्या म्हणाल्या. साहेबांना सोलकढी समजावण्यात आणखी एक रविवार गेला.

चव घ्यायला मात्र त्या तयार होईनात. साहेबांनी कधी आग्रह केला नाही. दोन महिन्यांनी एक दिवस वहिनींनी आपण होऊन स्टीलचा एक छोटा चमचा घेतला, मुलांना खोकल्याचं औषध द्यायचा असतो तेवढा, आणि म्हणाल्या, "ह्यात घाल. गिळूचंय नाय." चमचाभर वाइन त्यांनी तोंडात घेतली, या गालातून त्या गालात फिरवली, मोरीत थुंकली, चूळ भरली. मग ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मी घाबरले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काय झालं वहिनी?"

"काय नाय. बापाशीच्या तोंडाक येय तसो वास ह्येका नाय." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "इतकी वर्सां माका वाटायचा, सगळ्या बाटल्यांत तोच आसतलो."

त्यानंतर आमचे रविवार बदलले. वहिनी एक पदार्थ करायच्या, साहेब घोट घ्यायचे, वहिनी चमचा घेऊन थुंकायच्या, आणि मग दोघं माझ्यामार्फत भांडायचे. पहिल्यांदा बांगडा केला, तिखट-आंबट मसाल्यात तळलेला. साहेब म्हणाले, मासळीवर तांबडी वाइन आमच्याकडे सहसा घेत नाहीत. वहिनींना ते पटेना, त्यांनी घास खाल्ला, चमचा तोंडात घेतला आणि लगेच मोरीकडे धावल्या. "गंजको खिळो चोखल्यासारख्या लागता," त्या म्हणाल्या. साहेबांनी टेबलावर हात आपटला. नेमकं तसंच लागतं, पण त्यांना आजवर त्यासाठी शब्द मिळाला नव्हता. होळीला पुरणपोळी झाली. तिच्यावर वाइन नुसतं आंबट पाणी लागली, गोड खाऊन वर चहा प्यावा तशी. लवंगी मिरचीच्या ठेच्याने तर वाइनचा काही पत्ताच उरला नाही, राहिली ती आग.

आणि मग काळ्या वाटाण्याची उसळ जमली. खोबरं-कांदा चांगला काळपट भाजून वाटलेला, वाटाणे मऊ शिजलेले, मिरची नेहमीच्या निम्मी. साहेब पहिला घास खाऊन थांबले, घोट घेतला, परत घास खाल्ला, आणि अजून वाढा म्हणून ताट पुढे केलं. भाजलेल्या खोबऱ्याचं तेल जिभेवर पसरायचं आणि वाइनचा आंबटपणा ते अलगद उचलून न्यायचा. मटणही जमलं. पार्ल्याहून मी आईची भरली वांगी नेली होती, दाण्याच्या कुटाची. तीसुद्धा जमली, आणि मला उगाच अभिमान वाटला.

त्याच दिवशी वहिनींनी चमचा माझ्यापुढे धरला. मी कधी थेंबही चाखला नव्हता. जिभेला लावला आणि म्हटलं, "आंबट."

"कसलो आंबट? चिंच, ताक, कैरी, काय?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. वहिनी हटेनात. "तुझ्या तोंडाक इचार. माझ्याकडे बघू नको."

मी डोळे मिटले. खूप वेळाने म्हटलं, "करवंदं. पुरती न पिकलेली. काळी झालेली, पण आतून अजून गुलाबी."

वहिनींनी मान हलवली. साहेबांनी अर्थ विचारला, मी सांगितला, तर त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि ते लिहून घेतलं. आजवर मी लोकांचं बोलणं लिहून घेत आले होते. माझं बोलणं कुणी लिहून घेतल्याची ती पहिली वेळ. त्या दिवशी घरी जाताना मी उगीचच एक स्टॉप आधी उतरून चालत गेले.

उन्हाळ्यात साहेबांच्या भावाने बोटीने आणखी एक पेटी पाठवली. ती गोदीत उन्हात पडून राहिली आणि बाटल्या शिजल्या. वहिनींनी वास घेऊनच सांगितलं की याचा मुरांबा झालाय. साहेब ओतून द्यायला निघाले. वहिनींनी अडवलं. साहेबांच्या आईचं एक पत्र आलं होतं, त्यात मांस वाइनमध्ये मंद आचेवर शिजवायची कृती होती. ती साहेबांनी मला वाचून दाखवली, मी एकेक शब्द विचारून मराठीत लिहिली. इटालियन भाषेची माझी सुरुवात ती अशी झाली. वहिनींनी त्या शिजलेल्या वाइनमध्ये मटण टाकलं, कांदा, लसूण, दोन लवंगा, आणि सकाळपासून दुपारपर्यंत मंद आचेवर ठेवलं. साहेबांनी एक घास खाल्ला आणि ताट घेऊन बाल्कनीत जाऊन बसले. आम्ही आतच थांबलो. परत आले तेव्हा ताट स्वच्छ होतं. "माझ्या आईचं थोडं वेगळं लागतं," ते म्हणाले, "पण ती शेजारच्या खोलीत असल्यासारखं वाटलं."

हे सगळं चालू असताना घाटकोपरला मात्र वेगळंच बोललं जात होतं. कारखान्यातल्या कुणीतरी कुणालातरी सांगितलं, आणि परबीण गोऱ्या साहेबाबरोबर बसून दारू पिते, असं चाळीत पसरलं. नंदाचं लग्न मुलुंडच्या सावंतांकडे ठरल्यात जमा होतं. मुलगा औषधांच्या कारखान्यात होता, दोघं एकमेकांना पसंत होती. सावंतांकडून निरोप आला की मुलाची आई स्वतः येऊन बोलणार आहे. वहिनींनी मला एवढंच सांगितलं, "शनिवारी दुपारी ये. तू बघलंस तेवढांच सांग."

सावंतकाकू आल्या. मुलुंडहून उन्हातून आल्या होत्या, पाण्याचा तांब्या पुढे केला तरी घेतला नाही. खुर्चीच्या कडेवर बसल्या. परबभावजी खिडकीशी उभे होते, नंदा पडद्यामागे. काकू म्हणाल्या, "मला लांबण लावायची नाही. ऐकलं ते खरं की खोटं, तेवढं सांगा."

वहिनी जमिनीवर बसल्या होत्या. "खरां आसा," त्या म्हणाल्या. "पण ऐकलास तसा नाय. चमच्यान तोंडात घेतंय आणि थुकतंय. ह्या चेडवासमोर. जेवणाबरोबर कशी लागता ती बघूक."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "होय. मी दर वेळी तिथे होते."

"कधी गिळली नाही?"

'नाही' म्हणून सुटता आलं असतं. मी मनातून तेच मागत होते.

"दोनदा गिळलंय," वहिनी म्हणाल्या. "एकदा चुकान. एकदा जाणान. थुकल्यावर जिभेर काय रवता तां कळता, पण घशातसून फिरून वास कसो येता तां कळना. तां माका बघूचां होता."

मला वाटलं, झालं, लग्न मोडलं. पडद्यामागे बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मग खिडकीकडून परबभावजींचा आवाज आला. दिवसात दहा वाक्यं बोलणारा तो माणूस. "तिचो बापूस दारवेत गेलो," ते म्हणाले. "लग्न झाल्यापासून तिणां माका ताडीसुद्धा घेऊक दिल्यान नाय. ती तुमच्याशी खोटां बोलली असती तर तुमका बरां वाटला असतां. पण ती बोलली नाय. ह्या घरातली मुलगी तुमी नेतास, तर ह्यां पण बघून ठेवा."

सावंतकाकूंनी हातातल्या रुमालाची घडी उलगडली, परत घातली. मग खालच्या आवाजात, आणि एकाएकी मालवणीत, त्यांनी विचारलं, "कशी लागता गो?"

वहिनींनी डोळे मिटले. "मे म्हयन्यात रातांबे फोडतंत बघ," त्या म्हणाल्या. "सगळी जणां पडवेत बसान. हात लालभडक, फडक्यार डाग पडतंत ते धुतले तरी जानत नाय. पहिलो वास तसो. मग तोंडात घेतली की आंबट, पण चिंचेसारखो झोंबणारो न्हय, रातांब्याचोच. मागसून जांभळां खाल्ल्यावर जीभ जरा धरता ना, तेवढीच धरता आणि सोडता. आणि सगळ्यात शेवटाक, माती तापल्यावर माडाच्या आगरात वास येता, तसो कायतरी. तो माका धड सांगूक येना नाय."

काकू ऐकत होत्या. त्यांचं माहेर वेंगुर्ल्याकडचं. भावाभावांत घराचा वाद झाला, घराला कुलूप लागलं आणि त्या अकरा वर्षांत तिकडे गेल्या नव्हत्या. "आमच्या दाराक दोन रातांबे होते," त्या म्हणाल्या. "आंब्याक कोण चढी नाय, पण रातांब्यार मी चढय." त्यांनी तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायल्या. मग पदराने तोंड पुसून, परत मुंबईच्या मराठीत म्हणाल्या, "मुहूर्त दिवाळीनंतरचा बघा. आधीचा कुठला हॉल मिळायचा नाही."

नंदाने चहा आणला. काकूंनी तिला जवळ बसवून घेतलं. निघताना दारात त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ती खोटं बोलली असती ना, तर मी लग्न मोडणार होते."

दोन वर्षं संपली आणि साहेबांची परत जायची वेळ आली. जाण्याआधी त्यांनी विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलच्या मुख्य आचाऱ्याला फ्लॅटवर जेवायला बोलावलं. तिथे परदेशी पाहुणे उतरायचे, त्यांना आपलं जेवण वाइनबरोबर कसं द्यावं हे कुणाला कळत नव्हतं. तो गृहस्थ संशयानेच आला. तीन पदार्थ खाल्ले, दोन वाइन वहिनींसमोर ठेवून प्रश्न विचारले, आणि जाताना त्याने वहिनींना वाकून नमस्कार केला. दोन महिने आमच्या आचाऱ्यांना शिकवा, तो म्हणाला. वहिनींनी दोनच अटी घातल्या: डोक्यावर ती उंच पांढरी टोपी घालणार नाही, आणि दिवेलागणीला घरी पोचवायचं.

साहेबांचा निरोप घेताना आम्ही तिघं फ्लॅटच्या दारात उभे होतो. साहेबांनी बरंच काही बोलायचं ठरवलं असावं, पण त्यांना इंग्रजी आठवेना आणि मला मराठी. वहिनींनीच तोंड उघडलं. "त्यांच्या आयशीक सांगूक सांग, कांदो आणखी वायच परतूचो." मी ते इटालियनमध्ये सांगितलं, माझं पहिलं धड वाक्य. साहेब जिना उतरताना मोठ्याने हसत होते आणि डोळे पुसत होते.

हॉटेलातले दोन महिने संपले आणि वहिनी तिथेच राहिल्या. कारखान्याचं कँटीन त्यांनी सोडलं. मीही स्टेनोचं काम सोडलं. संध्याकाळी शिकून इटालियनची परीक्षा दिली आणि भाषांतराची कामं घेऊ लागले. दशक संपत आलं तेव्हा माझं लग्न ठरलं आणि मी नागपूरला जाणार होते. जायच्या आधल्या आठवड्यात वहिनींना भेटायला हॉटेलवर गेले.

सकाळची अकराची वेळ. स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत आठ-दहा आचारी बाकांवर बसले होते, आणि समोर स्टुलावर वहिनी, हिरवं पातळ, डोक्यावर पदर. प्रत्येकाच्या हातात ग्लास, त्यात बोटभर तांबडी वाइन. मला पाहून त्यांनी डोळ्यांनीच बस म्हणून खुणावलं आणि शिकवणं चालू ठेवलं. पुढच्या बाकावर तिशीचा एक मिशीवाला आचारी होता, कोल्हापूरकडचा. त्याने ग्लास हुंगला आणि म्हणाला, "छान आहे, मावशी."

"छान म्हंजे काय? छान ह्यो वास न्हय. वास कसलो?"

"चांगला आहे."

"परत तांच." सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत, थांबून राहिल्या. मिशीवाल्याचे कान लाल झाले. त्याने परत ग्लास नाकाशी धरला, डोळे मिटले. खोलीत भांड्यांचा आवाज येत होता तेवढाच. मग तो हळू म्हणाला, "आमच्या गावाकडं गुऱ्हाळ लागतं. गुळाची काहिल उतरवली की खाली राख असते, तिच्यावर रस सांडतो थोडा. तो जळतो. तसा."

कुणी हसलं नाही. वहिनींनी फक्त मान हलवली आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

नंतर त्या मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. नंदाला मुलगी झाली होती, ती माहेरी आली की परबभावजी नातीला घेऊन रोज टेकडीवर फिरायला जायचे, सावंतकाकू गावच्या घराचं कुलूप उघडून आल्या होत्या, असं सगळं सांगत होत्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी रिक्षात बसणार, एवढ्यात मागून तो मिशीवाला जवळजवळ पळतच आला.

"मावशी, मघाशी काय बोलला नाही तुम्ही. मी सांगितला तो वास बरोबर होता का चूक?"

वहिनींनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"माका काय म्हायत?" त्या म्हणाल्या. "तुझ्या गावाक मी खंय गेलंय? तू सांगतंस, तर तसोच आसतलो."

तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग एकदम ताठ झाला आणि मोठाल्या ढांगा टाकत स्वयंपाकघराकडे परत गेला.